तीन पायांवरचं मिहान

नागपूरच्या मिहानमधल्या कुठल्याही कंपनीच्या बैठकीच्या खोलीत जा. समोरच्या भिंतीवर भलामोठा पडदा असतो, टेबलाच्या मधल्या फटीतून तारा वर आलेल्या असतात, छताला कॅमेरा असतो, आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, तीन पायांवर एक फ्लिप चार्ट उभा असतो. त्याच्या खांद्यावर कुणीतरी जर्किन अडकवलेलं असतं. एसी सोसत नाही म्हणून ऐन मे महिन्यात घरून आणलेलं जर्किन. पायाशी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं असतं. पहिल्या पानावर गेल्या दिवाळीतल्या रांगोळी स्पर्धेचे गुण असतात आणि त्यात अकाउंट्स विभागावर झालेला अन्याय अजूनही स्पष्ट वाचता येतो. लग्नघरात थोरल्या काकांची अशीच अवस्था असते. त्यांना दिवसभर कुणी काही विचारत नाही. पण मानपानाचं गाडं अडलं, की सगळ्यांना तेच आठवतात. फ्लिप चार्टची आठवण तारा अडल्या की होते.

आणि तारा अडतातच. लॅपटॉप पडद्याला ओळख देत नाही. ज्या पिनेची गरज असते ती पिन सोडून बाकीच्या सगळ्या पिना सापडतात. पुण्याहून जोडलेले साहेब ‘मी दिसतोय का?’ असं विचारतात आणि ते कुणालाच दिसत नसल्यामुळे सगळे आदरानं मान डोलावतात. ‘आयटीवाल्याला बोलवा’ असं म्हटलं जातं. वास्तविक खोलीतले सगळेच आयटीवाले असतात. शेवटी चहा घेऊन आलेला ऑफिसबॉय हा प्रकार थोडा वेळ पाहतो आणि म्हणतो, ‘‘मॅडम, कायले त्याच्या मागं लागल्या? तो कागद हाय ना कोपऱ्यात, त्याच्यावर लिहून टाका.’’

मग जर्किन उतरतं, खोकं सरकतं, आणि फ्लिप चार्ट खोलीच्या मध्यभागी येतो.

बोलण्या-लिहिण्याच्या कार्यशाळा घेण्याच्या निमित्तानं मी अशा खोल्यांमधून वावरतो, आणि तो मध्यभागी येण्याचा क्षण मला फार आवडतो. तोवर माणसं खुर्चीत मागे रेललेली असतात. कागद पुढे आला की ती पुढे सरकतात. पडद्यावर जे येणार असतं ते आधीच ठरलेलं असतं. कालच रात्री कुणीतरी ते जागून केलेलं असतं आणि आज आपण फक्त ते संपण्याची वाट पाहायची असते. कोऱ्या कागदावर काय येणार हे लिहिणाऱ्यालाही नीटसं माहीत नसतं. दुसऱ्याची फजिती होण्याची शक्यता दिसली की माणसाचं लक्ष आपोआप एकाग्र होतं. ध्यानधारणेच्या शिबिरांना जे जमत नाही ते एक कोरा कागद करून दाखवतो.

पहिली फजिती मार्कर करतो. वाळलेला मार्कर आपल्याकडे कुणी फेकत नाही. माणूस तो उचलतो, दोन रेघा ओढून पाहतो, झटकतो, पुन्हा ओढतो, आणि उमटत नाही अशी खात्री झाली की नीट टोपण लावून परत ट्रेमध्ये ठेवून देतो. पुढच्या माणसाची सोय म्हणून. अशा रीतीनं कंपनीच्या स्थापनेपासूनचे मार्कर तिथे मुक्काम करून असतात. शाईचा आणि मराठी माणसाचा संबंध तसा जुना. १९३१मध्ये शाईच्या पुडीपासून सुरुवात केलेल्या दांडेकरांच्या कॅम्लिननं आपल्या कित्येक पिढ्यांची बोटं, खिसे आणि गणवेश रंगवले. शाई गळते याची आपल्याला सवय होती. ती येतच नाही, हा अनुभव मार्करनं दिला.

दुसरी फजिती अक्षराची. गट पाडले, प्रत्येक गटाला एकेक कागद दिला, ‘चर्चा करा आणि मुद्दे लिहा’ असं सांगितलं, की पहिला प्रश्न मुद्द्यांचा नसतोच. ‘अक्षर कोणाचं चांगलं आहे?’ हा असतो. मग एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली एखादी मुलगी सापडते. शासकीय रेखाकला परीक्षा म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळकरी वयाचा एक संस्कारच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन! मडकं, भाजी आणि चुण्या पडलेलं कापड काढून पोरं पुढे इंजिनिअर होतात, आणि दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे त्या परीक्षेचा काही उपयोग नाही असं त्यांना वाटत असतं. उपयोग मिहानमध्ये होतो. ‘तुझं अक्षर छान आहे, तू लिही,’ असं म्हणून तिच्या हातात मार्कर दिला जातो, आणि त्या क्षणापासून तिचं मत कुणी विचारत नाही. बाकीचे बोलतात, ती लिहिते. खाली रेघ ओढते, रेघेच्या टोकांना नक्षी काढते, मथळ्याला सावली देते. सादरीकरणाला मात्र ज्याचं अक्षर वाईट आणि आवाज मोठा तो पुढे येतो. कंपनीतल्या पुढच्या कित्येक बढत्यांचा अंदाज या एका कागदावरून बांधता येतो.

साहेबांना स्वतः लिहायची वेळ आली तर आणखी गंमत. पडद्यावरच्या टंकात सगळे समान असतात. नुकताच लागलेला मुलगा आणि विभागप्रमुख यांचा ‘अ’ तिथे एकच. कागदावर ज्याचा त्याचा ‘अ’ निघतो. कुणाची ओळ उजवीकडे जाताना चढत जाते, कुणाची उतरत जाते. ऱ्हस्व-दीर्घ उघडे पडतात. कुणी सुरुवातीला इतकं मोठं अक्षर काढतो, की ‘डेडलाइन’ लिहिताना ‘डेडला’पाशीच कागद संपतो आणि ‘इन’ला खालच्या ओळीत जावं लागतं. कामाच्या नियोजनाबद्दल यापेक्षा प्रामाणिक विधान मी मिहानमध्ये वाचलेलं नाही.

या कागदाची वंशावळ मात्र भारदस्त आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन या गावी जॉन पॅटरसन नावाचे गृहस्थ गल्ल्याची यंत्रं विकण्याची कंपनी चालवत होते. नॅशनल कॅश रजिस्टर हे तिचं नाव. विक्रेत्यांना नुसतं बोलून काही कळत नाही, डोळ्यांसमोर काहीतरी धरावं लागतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. म्हणून ते बोलायला उभे राहिले की शेजारी स्टँड आणि त्यावर मोठाले कागद असत. १९१२मधल्या एका छायाचित्रात त्यांच्याजवळ असे कागद दिसतात, आणि फ्लिप चार्टचा पहिला पुरावा म्हणून तेच छायाचित्र दाखवलं जातं. याच कंपनीत थॉमस वॉटसन नावाचा एक विक्रेता होता. १९११मधल्या विक्रेत्यांच्या एका बैठकीत कुणालाच काही सुचत नव्हतं, तेव्हा त्यानं सगळ्यांना ‘विचार करा’ असं खडसावलं. त्याच्या त्या ‘थिंक’ या शब्दाच्या पाट्या पुढे कंपनीभर लागल्या. पॅटरसननी या वॉटसनला नंतर काढून टाकलं. तो १९१४मध्ये दुसऱ्या एका कंपनीत गेला, आपला शब्द सोबत घेऊन गेला, आणि १९२४मध्ये त्या कंपनीनं आयबीएम हे नाव धारण केलं. थोडक्यात, ज्या संगणकानं फ्लिप चार्टला कोपऱ्यात ढकललं त्या संगणकाच्या घराण्यातला एक मोठा पूर्वज फ्लिप चार्टच्या शेजारी उभा राहूनच बोलायला शिकला होता. कोपऱ्यातल्या स्टँडवर जर्किन टांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पॉवरपॉइंट त्या मानानं फारच लहान. १९८७ साली तो आला, आधी मॅकिंटॉशवर, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं तो विकत घेतला. तेव्हापासून जगातल्या बहुतेक विचारांना ठिपके आणि बाण फुटले.

पण पान उलटत गोष्ट सांगणं हा शोध डेटनचा आहे असं कुणी म्हटलं, तर सिंधुदुर्गातलं कुडाळजवळचं पिंगुळी गाव हसेल. तिथल्या ठाकर समाजातल्या चित्रकथींकडे चित्रांच्या पोथ्या असतात. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची एकेक पोथी. सुट्या कागदांवर हातानं काढलेली, वनस्पतींच्या आणि मातीच्या रंगांत रंगवलेली चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र समोर उभं करतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीत त्या प्रसंगाचं गाणं-निरूपण करतो. प्रसंग संपला की चित्र बदलतं. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला होता. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी ती टिकवण्यासाठी आयुष्य घातलं, घरच्या गोठ्याचं कलादालन केलं, आणि २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या मंडळींना कुणी कधी ‘पुढचं चित्र दाखवा’ असं सांगावं लागत नाही. सीतेचं हरण व्हायच्या आत रावणवधाचं चित्र चुकून वर आलं, असंही होत नाही. शिवाय श्रोत्यांना कथा आधीच पाठ असते. तरीही ते रात्रभर बसतात. आमच्या कार्यशाळेत कुणालाच काही पाठ नसतं, तरी जेवणानंतर अर्धे जण डुलक्या घेतात.

पडद्यावाल्यांचा पूर्वजही आपल्याकडे होताच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२मध्ये शांबरिक खरोलिका नावाचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा, आणि काचा अशा हिकमतीनं सरकवायच्या की पडद्यावरची पात्रं हलताना दिसावीत. म्हणजे पॉवरपॉइंटमधली हलती चित्रं कल्याणनं त्याच्या जन्माआधी ९५ वर्षं दाखवली होती. तिकडे कल्याणचा पडदा आणि इकडे पिंगुळीचा कागद! पडदा पुढे सिनेमात गेला, श्रीमंत झाला. कागद गोठ्यात राहिला.

तो कागद विदर्भात आजही रोज हिंडतो, हे मात्र मिहानमधल्या खोलीत बसून कळत नाही. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगाव आशाताई आल्या. त्यांच्या पिशवीत एक पलटायचा तक्ता असतो. त्याची रचना मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा हुशार वाटते. समोर बसलेल्या बायांकडे चित्राची बाजू. ताईंकडे त्याच चित्राबद्दल काय सांगायचं ते मुद्दे लिहिलेली बाजू. बाळाला अंगाशी कसं धरायचं, हात कधी धुवायचे, दवाखान्यात कधी न्यायचं. पान एक, तोंडं दोन. त्याला वीज लागत नाही, त्याचा चार्जर घरी राहत नाही, आणि अंगणात, पडवीत, कडुनिंबाखाली कुठेही तो मांडीवर उभा राहतो. एखादी सासू मध्येच ‘आमच्या टायमाले असं नव्हतं बापा’ म्हणाली, तर ताई थांबते, तिचं ऐकते, आणि मग पान उलटते. पडदा असा थांबत नाही. तो थांबलाच तर त्याला ‘हँग झाला’ म्हणतात.

फ्लिप चार्टची हीच तीन पायांची घोडी चित्रकाराच्या खोलीत गेली की तिला ईझल म्हणतात, आणि मग तिच्यावर जर्किन टांगायची कुणाची छाती होत नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत, म्हणजे १८५७मध्ये सुरू झालेल्या आपल्या जे.जे.मध्ये, विद्यार्थी डाँकी नावाच्या लांबट बाकावर दोन्हीकडे पाय टाकून बसतात आणि पुढच्या आडोशाला बोर्ड टेकवून चित्र काढतात. याच शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२पासून अजिंठ्याला जात राहिले. लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करण्याचं ते काम अधूनमधून थांबत १८८५पर्यंत चाललं. नकला लंडनला गेल्या आणि १८८५मध्येच तिथल्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याही आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६च्या आगीत गेल्या होत्या. भिंत जागची हलली नाही म्हणून वाचली. कॅनव्हास हलता होता. तो सुरक्षित जागी नेला आणि राख झाला. सुरक्षित जागेबद्दलच्या सरकारी कल्पना तेव्हाही अशाच होत्या.

नागपूरला ईझलचा अभिमान वाटायला एक हक्काचं कारण आहे. वासुदेव गायतोंडे १९२४मध्ये इथे जन्मले. कुटुंब गोव्याचं, शिक्षण मुंबईत जे.जे.मध्ये, नंतरचं आयुष्य दिल्लीत; पण जन्म नागपूरचा, आणि आम्ही तेवढ्या एका दाखल्यावर भागवून घेतो. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करी. रोलरनं, पात्यानं रंगांचे थर चढवायचे, काढायचे, पुन्हा थांबायचं. कामाचा बराचसा भाग म्हणजे कोऱ्या किंवा अर्ध्या कॅनव्हाससमोर नुसतं बसणं. मिहानमधल्या कुठल्याही कंपनीत त्यांचं तिमाही मूल्यमापन कसं झालं असतं याची कल्पना करून मी अनेक बैठकांमधला वेळ घालवला आहे. ‘वासुदेवराव, या तिमाहीत तुमचं आउटपुट एक पूर्णांक पंचवीस चित्र. पुढच्या तिमाहीचं टार्गेट काय धरू या?’

गायतोंड्यांच्या त्या बसण्यातच या सगळ्या लाकडी-लोखंडी घोड्यांचं मर्म आहे. पूर्ण झालेलं चित्र भिंतीवर जातं. पूर्ण झालेला अहवाल फायलीत जातो. स्टँडवर असतं ते फक्त चालू असलेलं काम. अपुरेपण लपवायला कपाट असतं, खण असतो, लॅपटॉपमधलं ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘खरोखर फायनल’ या नावांचं कोठार असतं. अपुरेपण चारचौघांत उभं करून ठेवायला मात्र एवढं एकच फर्निचर माणसानं बनवलं.

आणि चारचौघांत अपुरं उभं राहण्याचा अनुभव मिहानइतका कुणाला असेल?

मिहान आधी जमिनीवर नव्हतं, स्टँडवर होतं. त्याचं इंग्रजी नाव पूर्ण लिहायचं, मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर, तर मार्करनं अर्धं पान भरतं. २००२मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि तेव्हापासून नागपूरकरांनी या प्रकल्पाचे इतके तक्ते पाहिले, की त्यांतल्या रंगांवरून आम्ही ऋतू ओळखू लागलो. बहुतेक वर्षी डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून फायली येतात, मंत्री येतात, आणि तक्तेही धूळ झटकून उभे राहतात. प्रत्येक तक्त्याची सुरुवात भारताच्या नकाशानं होते. बरोबर मध्ये एक ठसठशीत ठिपका, आणि त्यातून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा सगळ्या दिशांना सुटलेले बाण. आम्ही देशाच्या मध्यभागी आहोत हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. विधान भवनाजवळ झिरो माईलचा खांबच आहे. सगळ्या गोष्टी आपल्यावरूनच जातात हेही ठाऊक होतं. त्या इथे उतरतीलही, हे तक्त्यानं सांगितलं.

नकाशाच्या पुढच्या पानावर रंगीत तुकडे असत. जांभळा तुकडा विशेष आर्थिक क्षेत्राचा, निळा विमानतळाचा, पिवळा घरांचा. चार हजारांहून अधिक हेक्टर, सगळे नीट कडा आखलेले. त्या कडांच्या आत शिवणगाव होतं, खापरी होती, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, चिंचभवन होतं. विहिरी होत्या, बांध होते, संत्र्याची झाडं होती, आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणं होती. रंगीत पेन्सिलीला बांध दिसत नाही. मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न त्या तक्त्यांवर कुठल्याच रंगात नव्हता. तो नंतर मोर्च्यांच्या कापडी फलकांवर आला, वाकड्यातिकड्या हातानं लिहिलेला. कागदापेक्षा तो खरा होता, हे सांगायला चित्रकार असण्याची गरज नाही.

मग हळूहळू तक्त्यातले काही तुकडे खाली उतरले. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारं केंद्र आलं. ७ मार्च २०१९ला खापरी ते सीताबर्डी मेट्रोचं उद्घाटन झालं आणि ‘खापरीला जाऊन येतो’ या वाक्यातला प्रवासाचा थाट गेला. ८ मे २०२२ला दहेगावच्या आवारात आयआयएमच्या वास्तूचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला एम्सचं लोकार्पण झालं, आणि त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. एका वर्षात इतकी पानं उलटलेली नागपूरकरांनी आधी पाहिली नव्हती. तरीही मिहानमधून संध्याकाळी गाडी चालवत निघालात, तर चकचकीत काचेच्या दोन इमारतींच्या मध्ये तरोटा माजलेली लांबच लांब जागा लागते, तिला तारेचं कुंपण असतं, कुंपणावर पाटी असते आणि पाटीवरचं नाव उन्हानं उडालेलं असतं. खापरीच्या टपरीवर चहा पिताना मी टपरीवाल्या भाऊंना विचारलं, तर ते गाळणी झटकत म्हणाले, ‘‘मिहान येऊनच राह्यलं बाप्पा. माह्या लग्नाच्या आधीपासून येऊन राह्यलं. आता पोरगी कॉलेजात गेली, ते अजून येऊन राह्यलं.’’ आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मोजलेले कप बघता, अर्ध्या आलेल्या मिहाननंही त्यांचं बरं चाललं होतं.

मला या ‘येऊन राह्यलं’ची गोडी लागली आहे. पुणे झालेलं आहे, मुंबई होऊन वर सांडली आहे. तिथे कुणी पाहुण्याला ‘हे बघा, इथे अमुक होणार आहे’ असं म्हणत नाही. म्हटलं तर ते ट्रॅफिकबद्दल असतं. आमच्याकडे अजून हातवारे करून दाखवायला मोकळी जागा आहे. नागपूरकर पाहुण्याला मिहान दाखवायला नेतो तेव्हा निम्मं बोटानं दाखवतो आणि निम्मं वर्णनानं, आणि पाहुण्याला दुसरं निम्मं जास्त आवडतं.

फ्लिप चार्टचा आणखी एक गुण इथे उपयोगी पडतो. त्याचं पान उलटलं तरी जात नाही. पडद्यावरची पाटी पुढे सरकली की मागची कुठे गेली ते फक्त बोलणाऱ्याला माहीत. तिच्यातला आकडा रात्रीतून बदलता येतो, आणि सकाळी तो आधीपासून तसाच होता असंही सांगता येतं. कागदाच्या बाबतीत ती सोय नाही. पान मागे टाकलं की ते स्टँडच्या पाठीवर लोंबत राहतं. कुणीही उठून मागे जाऊ शकतो, चार पानं परत पुढे आणू शकतो, आणि म्हणू शकतो, ‘साहेब, तुम्ही सकाळी २० लिहिलं होतं.’ खोडलेला आकडा खोडलेला दिसतो, आणि खोडणाऱ्याचं अक्षर कुणाचं तेही दिसतं. कार्यशाळांमध्ये मी पाहिलं आहे, की दुपारनंतर वाद फार वाढला तर लोक पडद्याकडे बघत नाहीत. सकाळची पानं फाडून भिंतीला चिकटपट्टीनं लावलेली असतात, तिकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘हे तर आपण आधीच मान्य केलं होतं.’ सगळे जरा ओशाळतात आणि काम पुढे जातं. सार्वजनिक जीवनात इतका स्वस्त आणि इतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. कदाचित म्हणूनच सार्वजनिक जीवनातून तो लवकर हद्दपार झाला.

तेव्हा माझी एक सूचना आहे. खापरीच्या मेट्रो स्थानकावर, जिन्याजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी एक फ्लिप चार्ट ठेवावा. चांगला भक्कम, लोखंडी पायांचा. विदर्भातल्या उन्हाळ्यात एप्रिलपासून वाऱ्याच्या झळा सुटतात, त्यामुळे कागदाला वर आणि खालीही चिमटे हवेत. मथळा छापील नको, एलिमेंटरी दिलेल्या कुणाकडून तरी लिहून घ्यावा. आणि या वेळी तिला मतही विचारावं. मिहानबद्दल ज्यानं जे वचन द्यायचं असेल त्यानं ते स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अक्षरात, तारीख घालून तिथे लिहावं, मग तो मंत्री असो, उद्योगपती असो की ‘उद्या नक्की देतो’ म्हणणारा उधारीवाला. पान भरलं की उलटावं, फाडू नये. कलकुहीच्या शेतकऱ्याला मागची पानं चाळावीशी वाटली, तर त्याला चाळू द्यावीत. लिहायला पहिले काही दिवस कुणी धजावणार नाही, याची मला खात्री आहे. आणि त्या कोऱ्या पानासमोर मंडळी गायतोंड्यांइतकी थांबली, तरी माझी हरकत नाही. वाळलेले मार्कर मात्र तिथे ठेवू नयेत. एकच ठेवावा, ताजा, आणि तो बँकेतल्या पेनासकट सगळ्या सार्वजनिक पेनांचा अनुभव ध्यानात घेऊन जाड दोरीनं स्टँडला बांधावा. नाहीतर वचनं राहतील तशीच आणि मार्कर जाईल कुणाच्या तरी घरी, पोरांच्या प्रोजेक्टला.